‘टीन टायटन्स’ : उसने रूप आणि स्वतःचा जीव



वसंत व्याख्यानमालेत कार्टूनवर व्याख्यान आहे असे वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे मी गृहीत धरले आहे. ज्या व्यासपीठावर संतवाङ्‌मय, राज्यघटना आणि अर्थकारण यांची चर्चा व्हायची, तेथे पोरांच्या हलत्या चित्रांचे काय काम, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. माझे उत्तर साधे आहे. आपल्या घरातील मूल काय वाचते याची आपण थोडीफार चौकशी करतो. नाटक पडले तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याची चिरफाड होते. गाणे बेसूर झाले तर ते सांगणारा जाणकार प्रत्येक आळीत एक तरी असतो. पण मूल जे रोज तासन्‌तास पाहते त्याविषयी आपल्या घरांतून दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे, ‘बघू दे, तेवढीच घरात शांतता’. आणि दुसरे, ‘बंद कर ते आधी!’ या दोन्ही मतांत चित्राचा विचार कोठेच नाही. चांगले चित्र कोणते, उणे कोणते आणि का, हे सांगणारे वडील माणूस मुलाला भेटतच नाही. म्हणून आज एकच मालिका हाती घेऊन, तिच्यात गोडी कशाची आहे आणि ती कोठे कमी पडते, हे आपल्यापुढे मांडावे असा विचार केला आहे.

ही मालिका म्हणजे ‘टीन टायटन्स’. अमेरिकेत कार्टून नेटवर्क या वाहिनीवर १९ जुलै २००३ रोजी ती सुरू झाली आणि जानेवारी २००६ मध्ये संपली. पाच पर्वे, प्रत्येक पर्वाचे तेरा भाग, म्हणजे एकूण ६५ भाग. तिला हे रूप देण्यात ग्लेन मुराकामी या चित्रकाराचा मोठा वाटा होता. त्यापूर्वी बॅटमनच्या कार्टून मालिकांवर त्यांनी काम केलेले होते. कथेचे बीज मात्र जुने आहे. डीसी या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांत तरुण साहाय्यकवीरांची ही टोळी १९६४ साली जन्माला आली, आणि १९८० साली मार्व्ह वुल्फमन हे लेखक व जॉर्ज पेरेझ हे चित्रकार यांनी तिला नवा जीव दिला. मालिकेने घेतलेली मंडळी मुख्यतः या दुसऱ्या अवतारातली आहेत.

ही मंडळी पाच. पहिला रॉबिन, म्हणजे बॅटमनच्या हाताखालचा पोरगा. त्याच्या अंगी कोणतीही अद्‌भुत शक्ती नाही. आहे ती शिस्त आणि ईर्षा. दुसरी स्टारफायर, परग्रहावरची राजकन्या, आनंदी आणि भाबडी. तिसरा सायबॉर्ग, अर्धा माणूस आणि अर्धे यंत्र. चौथा बीस्ट बॉय, हव्या त्या प्राण्याचे रूप घेणारा हिरवा विनोदवीर. पाचवी रेव्हन. ही एका राक्षसाची मुलगी. मनातील भावना थोडी जरी उसळली तरी तिची शक्ती हाताबाहेर जाते, म्हणून ती सदा मन मारून राहते. समुद्रकाठच्या एका शहरासमोर, बेटावर, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या मनोऱ्यात ही पाच मुले राहतात. दुष्टांशी लढतात, आपापसांत भांडतात, एकत्र जेवतात. घरात वडीलधारे माणूस कोणी नाही.

आता या मालिकेविषयी बोलताना जो शब्द हमखास येतो तो म्हणजे ‘ॲनिमे’. ॲनिमे म्हणजे जपानी धर्तीचे चलच्चित्र. ही धर्ती कोठून आली हे थोडे पाहिले पाहिजे, कारण माझा पुढला सारा मुद्दा त्यावर उभा आहे. ओसामू तेझुका या चित्रकाराची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, आणि पैसा व हात दोन्ही तोकडे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. त्या सगळ्यांसाठी वेगळे चित्र काढायचे, किंवा दोन चौकटींना एक धरून बारा काढायची, ही डिस्नेसारख्या श्रीमंत संस्थांची रीत. जपान्यांनी तीन चौकटींना एक चित्र वापरले आणि सेकंदाला आठ चित्रांत भागवले. कधी चित्र हलवलेच नाही. नुसती पार्श्वभूमी सरकवली, किंवा स्थिर चेहरा क्षणभर तसाच ठेवला. गरिबीतून आलेली ही युक्ती होती. पण कुशल माणसाच्या हाती गरिबीसुद्धा गुण होते. स्थिर चेहऱ्याकडे पाहणारा प्रेक्षक आपोआप विचार करू लागतो : या मनात आता काय चालले असेल? अशा रीतीने थांबणे ही जपानी चलच्चित्राची भाषा झाली.

तिच्या जोडीला जपानी चित्रकथांनी काही खुणा रूढ केल्या. माणूस ओशाळला की डोक्याशी घामाचा मोठा थेंब. राग आला की कपाळावर तटतटलेल्या शिरांची फुली. थट्टेची वेळ आली की सारे शरीर आखडून बाळासारखे, डोके तेवढे मोठे. जपानी वाचकाला या खुणा अक्षरांसारख्या वाचता येतात. ‘टीन टायटन्स’च्या कर्त्यांनी हा सारा साज अमेरिकन वीरांच्या अंगावर चढवला. शीर्षकगीतसुद्धा पफी आमीयूमी या जपानी गायिकांच्या जोडीकडून गाऊन घेतले. ते कधी इंग्रजीत ऐकू येते, कधी जपानीत. आणि जपानीत ऐकू आले की आजचा भाग बहुधा थट्टेचा आहे, हे जाणती मुले ओळखत.

उसनवारी म्हटली की आपल्याकडे लगेच नाक मुरडण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. खुद्द तेझुका डिस्नेच्या चित्रपटांचे भक्त होते, आणि त्यांच्या पात्रांचे टपोरे डोळे अमेरिकन कार्टूनांकडूनच जपानात आले. म्हणजे मुराकामींनी जपानकडून जे घेतले, त्यातले काही त्यांच्याच देशाचे पूर्वीचे देणे होते! आणि आपल्यापैकी जे १९९३ साली दर रविवारी दूरदर्शनसमोर बसत, त्यांना मोगली आठवत असेल. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची कथा, चित्रे जपान्यांची, आणि शीर्षकगीत गुलजारांचे. ते चित्र परके आहे असे आपल्या घरांतून कोणाला वाटले नाही. तेव्हा उसने घेतले का, हा प्रश्न फोल आहे. उसने घेतलेले अंगी मुरले का, हा खरा प्रश्न. ‘टीन टायटन्स’चे गुण आणि दोष दोन्ही या एका प्रश्नात सापडतात, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम गुण पाहू. पहिला गुण असा की येथे वीराला चेहरा मिळाला. अमेरिकन वीरकथांचे नायक छाती काढून उभे राहतात. त्यांचे स्नायू बोलतात, चेहरा बोलत नाही. येथे रॉबिन चिडतो तेव्हा तो वेडावाकडा होतो, स्टारफायर हरखते तेव्हा तिचे डोळे चेहऱ्यात मावत नाहीत, आणि दुसऱ्याच क्षणी तीच मुले प्राण पणाला लावून लढतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे मन असेच असते. सकाळी पोरकट, दुपारी प्रौढ, संध्याकाळी रुसलेले. त्या वयाची ही धरसोड दाखवायला उसना साज उपयोगी पडला.

दुसरा गुण याहून मोठा आहे. या मालिकेतील खरा शत्रू पुष्कळदा बाहेर नसतो. स्लेड नावाचा मुखवटाधारी खलपुरुष पहिल्या पर्वाच्या शेवटी रॉबिनला आपला चेला बनवायला निघतो. तो त्याला मारत नाही. त्याच्या चार मित्रांच्या शरीरात जीवघेणे सूक्ष्म यंत्रकण सोडून, त्यांच्या प्राणांच्या धाकाने त्याला आपल्या बाजूने चोरी करायला लावतो. आणि भयंकर गोष्ट ही की, हा पोरगा आपल्यासारखाच हट्टी आणि एककल्ली आहे, हे स्लेडने अचूक ओळखलेले असते. रॉबिन सुटतो तो कशाने? ते कण तो स्वतःच्याच शरीरात घेतो, आणि मग चेल्याला वाचवायचे तर मित्रांनाही सोडावे लागते. पुढे तिसऱ्या पर्वातील एका भागात हाच रॉबिन समोर नसलेल्या स्लेडशी लढून स्वतःला जखमी करून घेतो. एका विषारी भुकटीने त्याला तो भास होत असतो. मित्र हताशपणे पाहत राहतात, कारण जो शत्रू त्यांना दिसतच नाही त्याच्यावर वार कसा करायचा? आपल्याच ईर्षेने माणूस कसा खचतो, हे मुलांना सांगण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी माहीत नाही.

रेव्हनचेही तसेच. एका भागात बीस्ट बॉय आणि सायबॉर्ग तिच्या आरशातून तिच्या मनात शिरतात. तेथे तिच्या एकेका भावनेची वेगळ्या रंगाच्या झग्यातील एकेक रेव्हन त्यांना भेटते. एक भित्री, एक हसरी, एक शूर. जी मुलगी घुमी आणि तुसडी म्हणून ओळखली जाते तिच्या आत एवढी गर्दी आहे, हे पाहून त्या दोघांची बोलती बंद होते. वर्गातील अबोल मुलीकडे या भागानंतर एखादा मुलगा वेगळ्या नजरेने पाहील, असे मला वाटते.

तिसरा गुण म्हणजे टेराची कथा. दुसऱ्या पर्वाचा हा कणा. टेरा ही माती आणि खडक हलवू शकणारी मुलगी. पण तिची शक्ती तिच्या ताब्यात नाही, आणि याची तिला लाज आहे. हे गुपित ती बीस्ट बॉयला सांगते. रॉबिन ते स्वतःच्या तर्काने ओळखतो. तिला मात्र वाटते, बीस्ट बॉयने विश्वासघात केला. एवढ्या एका गैरसमजावर ती निघून जाते आणि स्लेडच्या हाती सापडते. परत येते ती हेर म्हणून. ज्यांनी तिला घर दिले त्यांच्यावरच उलटते. आणि शेवटी स्लेडच्या पकडीतून सुटून, फुटणारा ज्वालामुखी थोपवताना स्वतः दगड होऊन जाते. १९८४ सालच्या मूळ चित्रकथेत टेरा आतून-बाहेरून दुष्टच होती. मालिकेने तिला दुबळी केले, आणि दुबळी केल्यामुळे ती माणूस झाली. दगडी मूर्तीपाशी मित्र येतात, तेथे ती आपली मैत्रीण होती असा मजकूर कोरलेली पाटी ठेवतात, आणि निघून जातात. येथे चित्र थांबते. गरिबीतून जन्मलेली जी थांबण्याची कला मघाशी मी सांगितली, ती येथे तिच्या खऱ्या जागी आली आहे. मुलांच्या कार्यक्रमाने मुलांना शोकाचा अनुभव द्यावा, आणि तोही खोटे सांत्वन न करता, हे धैर्याचे काम आहे.

आता उणिवा. प्रेमाने पाहिलेल्या गोष्टीची उणीव सांगणे हे रसिकाचे कर्तव्यच आहे.

पहिली उणीव खुणांच्या अतिरेकाची. सुरुवातीच्या भागांत तर घामाचे थेंब, फुगलेली डोकी आणि फिरणारे डोळे यांचा नुसता सुकाळ आहे. मिरची चांगली म्हणून प्रत्येक घासाला खायची नसते. आपल्या साहित्यशास्त्राने ज्याला रसभंग म्हटले आहे, तो येथे वारंवार घडतो. मनात भय किंवा करुणा जरा रुजू लागते, तोच कोणाचे तरी डोके फुग्यासारखे होते आणि सारे विरून जाते. हास्य आणि करुण एकत्र नांदू शकत नाहीत असे नाही. पण एकाने दुसऱ्याला वाट करून द्यावी लागते. खुणा घेतल्या, पण थांबणे मात्र प्रसंगापुरतेच घेतले. अलंकार घेतला आणि व्याकरण अर्धेच शिकले, असे हे झाले.

दुसरी उणीव विस्मरणाची. प्रत्येक पर्वाला एक मोठी कथा आहे हे खरे. पण त्या कथेच्या अधेमधे सुटे भाग पेरलेले आहेत, आणि त्यांत आदल्या दुःखाची सावली क्वचितच पडते. टेरा दगड झाली; पुढच्या पर्वात बीस्ट बॉय पुन्हा पहिल्यासारखा थट्टा करतो. स्वतंत्र भाग कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत ही वाहिन्यांची सोय असते, हे मी जाणतो. पण ज्या मालिकेने मुलांना शोक सोसता येतो हे ओळखले, तिने मुलांना स्मरणही असते हे विसरावे, याचे वाईट वाटते.

तिसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. स्टारफायर ही परकी. तिची भाषा वाकडी, शब्द नको तेथे पडणारे. आणि मालिका प्रत्येक भागात त्यावर हशा मिळवते. चौथ्या पर्वात मात्र एक भाग असा येतो की, दुसऱ्या ग्रहाचा एक रुबाबदार वीर तिला तिच्या जातीवरून हिणवतो, शिवी देतो, आणि ती ते मुकाट्याने सोसते. भाग उत्तम आहे. ती आपली व्यथा सायबॉर्गला सांगते. हे दुःख मला कळते, असे तो म्हणतो. पण का कळते, तर मी अर्धा यंत्र आहे म्हणून! आता सायबॉर्ग हा कृष्णवर्णी अमेरिकन तरुण आहे. चामडीच्या रंगावरून हिणवले जाणे म्हणजे काय, हे त्याला यंत्राच्या आडोशाने सांगावे लागावे? कर्ते दारापर्यंत आले आणि उंबरठ्यावरून परतले. उपमेच्या आड सत्य सांगता येते. तसे उपमेच्या आड सत्यापासून लपताही येते. शिवाय जी मालिका परक्या बोलण्यावर इतके दिवस हसली, तिने एका भागापुरता न्यायाधीशाचा झगा घालावा, हे थोडे सोयीचेच झाले.

चौथी उणीव जगाची. ही मुले ज्या शहरासाठी लढतात त्या शहरात माणसे जवळजवळ नाहीतच. फळवाला नाही, शिक्षक नाही, शेजारीण नाही. रॉबिनचे तर डोळेसुद्धा मुखवट्याबाहेर कधी दिसत नाहीत. मुलांचे खासगी राज्य म्हणून हे मोहक आहे. पण ज्याचे रक्षण करायचे तो समाज दिसतच नसेल, तर शौर्य हा नुसता व्यायाम उरतो. पाचव्या पर्वात तर देशोदेशीच्या तरुण वीरांची इतकी भरती झाली की, मूळ पाच जण गर्दीत हरवतात.

येथे कोणी विचारील, की शेवटच्या भागाचे काय? त्यावर पाहणाऱ्यांत बराच वाद झालेला आहे. शेवटच्या भागात बीस्ट बॉयला शाळेच्या गणवेशातील एक मुलगी दिसते, हुबेहूब टेरासारखी. दगडी मूर्ती जागेवर नाही. ही तीच का? तिला खरेच आठवत नाही, की आठवायचे नाही? मालिका सांगत नाही. तो तिला परत चल म्हणून विनवतो, आणि जग बदलते, हे मान्य करून तू पुढे जा, अशा अर्थाचे ती त्याला सुनावते. इकडे मित्र रूप बदलणाऱ्या एका राक्षसाशी झुंजत असतात, त्या लढाईचा निकालही दिसत नाही. पुष्कळांना हा शेवट अर्धवट वाटला. मला मात्र ही मालिकेची सर्वांत प्रौढ जागा वाटते. मैत्रीचे काही हिशेब मिटत नाहीत. ती मिटवायची हौस आपली असते, समोरच्याची नसते. हे पंधराव्या वर्षी कळणे कठीण, आणि पन्नाशीतही सोपे नाही. ज्या विस्मरणाचा दोष मी मघाशी दिला, त्याची थोडी भरपाई कर्त्यांनी येथे केली. उशिरा केली, पण केली.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २००६ मध्ये या मंडळींना टोकियोला नेणारा एक चित्रपट निघाला. २०१३ साली याच पाच पात्रांची, त्याच पाच कलाकारांच्या आवाजांत, ‘टीन टायटन्स गो!’ ही नवी मालिका आली. ती निव्वळ विनोदाची. तिचे भाग जुन्या ६५ भागांच्या कितीतरी पट झाले. विनोद वाईट नव्हे. तिच्यातील काही थट्टा तर मार्मिक आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. जुन्या मालिकेतील हसे दुःखाच्या मांडीवर बसलेले होते, म्हणून ते लक्षात राहिले. दुःख काढून घेतल्यावर हसे उरले, पण त्याला घर उरले नाही.

माझे तात्पर्य थोडक्यात असे. ‘टीन टायटन्स’ने जपानकडून जे नुसते दाखवण्यासाठी घेतले, ते तिच्या अंगावर पोशाखी राहिले आणि आज ते जुनेही दिसते. जे तिने एखाद्या मनाची गोष्ट सांगण्यासाठी घेतले, ते तिचे स्वतःचे झाले. रेव्हनची घुसमट, रॉबिनची ईर्षा, टेराची लाज या जागी उसने काय आणि घरचे काय हे वेगळे काढता येत नाही. कोणत्याही कलेच्या उसनवारीला हाच निकष लावावा, असे मला वाटते.

आणि यात आपला संबंध कोठे येतो? आपली मुले आज डोरेमॉन पाहतात, शिनचॅन पाहतात, उद्या आणखी काही पाहतील. ते जपानचे की अमेरिकेचे, यावरून घरात वाद घालू नका. बंद कर म्हणण्यापूर्वी एक भाग मुलाच्या शेजारी बसून पाहा. पाहून झाल्यावर, यातला वाईट माणूस वाईट का झाला, एवढे त्याला विचारा. उत्तर देता येण्याजोगी गोष्ट असेल तर मूल बोलू लागेल. नसेल तर ‘तो वाईटच आहे’ एवढेच म्हणेल. त्या उत्तरावरून चित्राची पारख तुम्हांला होईल, आणि हळूहळू मुलालाही होईल. अभिरुची ही शिकवून येत नाही, पण सोबतीने येते. ती सोबत करणे हे आपले काम आहे. ते वाहिनीवर किंवा तिच्या मालकांवर सोपवून चालायचे नाही.